चौदा फुटांचा सीमापार वीजव्यवहार

सीमेवरचे प्रश्न सीमेपासून जितक्या लांब बसून हाताळावेत, तितके ते शांतपणे हाताळले जातात, हे प्रशासनातल्या जाणत्यांना फार पूर्वीच उमगलेलं आहे. सीमेजवळ बसलं की पलीकडची माणसं दिसतात, त्यांचे चेहरे ओळखीचे होतात आणि मग धोरण आखताना हात अडखळतो. म्हणूनच शेजारी देशांबरोबर विजेची देवाणघेवाण कशी करावी याचा विचार करायला एक कक्ष स्थापन करायचं ठरलं, तेव्हा नकाशावर पट्टी ठेवून सगळ्या सीमांपासून सारखंच दूर पडेल असं शहर शोधण्यात आलं. ते नागपूर निघालं. (कोणत्याही सीमेला सावत्रपणा वाटू नये, असा त्यामागे उदात्त हेतू होता.)

रामदासपेठेत एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर हा 'प्रादेशिक ऊर्जासंक्रमण, बाजारपेठ व सीमापार सहकार्य कक्ष' नऊ वर्षं अखंड चालू आहे. या काळात कक्षाने एकेचाळीस कार्यशाळा घेतल्या, दोनशे बारा परिपत्रकं काढली, तीन वेळा बोधचिन्ह बदललं आणि सीमेपार शून्य युनिट वीज पाठवली. शून्य म्हटल्यावर ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांना विजेच्या गळतीचा प्रश्न ठाऊक नसतो. कक्षाने पाठवलेल्या विजेत आजवर एका युनिटचीही गळती झालेली नाही. अनुभवाच्या बाबतीतही कक्ष कमी नव्हता. अकरा कर्मचाऱ्यांपैकी एकाने प्रत्यक्ष सीमा ओलांडलेली होती. तो शिपाई होता आणि मावसभावाच्या लग्नाला सौंसरला, म्हणजे मध्य प्रदेशात, जाऊन आला होता. वार्षिक अहवालात 'क्षेत्रीय अनुभव' या मथळ्याखाली दरवर्षी त्याचाच फोटो छापत.

या कक्षाचे उपसंचालक केशव पांढरीपांडे. वय चोपन्न, स्वभाव गरीब, अक्षर मोत्यासारखं. धरमपेठेत 'सुयोग अपार्टमेंट'च्या दुसऱ्या मजल्यावर ते आणि त्यांच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आई यमुताई असे दोघंच राहत. केशवरावांच्या लग्नाच्या याद्या तीनदा झाल्या होत्या, लग्न एकदाही झालं नाही. कोणी कोणाला काय द्यायचं, कोणाचा मान कोणी ठेवायचा, हे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून लिहून काढावं आणि त्या लिहिण्यातच सगळं फिसकटावं, असं तिन्ही वेळा झालं. तिन्ही याद्यांच्या प्रती त्यांनी जपून ठेवल्या होत्या. (सरकारी माणूस कागद फाडत नाही.)

यमुताईंचे गुडघे गेलेले. जिना त्यांना चढवत-उतरवत नसे, आणि मे महिन्यात त्यांचं सगळं जग म्हणजे गॅलरीत लावलेला कूलर. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकला की दुपारी लाइन जाते, हा काही कोणाचा दोष नाही, ती जायचीच. इन्व्हर्टर घरात होता, पण तो दोन पंखे आणि मोबाइलचा चार्जर यापलीकडे जात नसे. कूलरचं नाव काढलं की चिमणीसारखा टिवटिवू लागे.

अशा वेळी यमुताई गॅलरीत येत आणि समोर हाक मारत. समोर, चौदा फुटांवर, कंपाउंडच्या भिंतीपलीकडे 'नवजीवन अपार्टमेंट' होतं. तिथल्या दुसऱ्या मजल्यावर भीमाबाई गजभिये राहत. त्या सरकारी दवाखान्यातून हेडनर्स म्हणून निवृत्त झालेल्या. दोन्ही इमारती वेगवेगळ्या ट्रान्सफॉर्मरवर असल्याने एकीकडची लाइन गेली तरी दुसरीकडची बहुधा असे. दोन गॅलऱ्यांच्या मध्ये कपडे वाळवायच्या दोरीसारखी एक नायलॉनची दोरी गडगडीवरून, म्हणजे कप्पीवरून, फिरवलेली होती. दोरी ओढली की तिला अडकवलेल्या वायरची पिन या घरून त्या घरी जाई. भीमाबाईंची नात दीक्षा बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअर होती. वायर जाड, अर्थिंग पक्कं, मधे आपोआप पडणारा स्विच, सगळं तिने नीट बसवून दिलेलं. अकरा वर्षांत कोणाला झटका लागला नाही, कोणाचा कूलर जळला नाही आणि कोणी कोणाकडे मीटर लावला नाही. त्याच दोरीवरून पिशवीत घालून इकडच्या कुरड्या तिकडे आणि तिकडचं लोणचं इकडे येई, तो विषय वेगळा.

केशवराव ही दोरी रोज बघत होते. पण हा सीमापार वीजव्यवहार आहे, असं त्यांच्या मनात कधी आलं नाही. त्यावर कोणाची सही नव्हती.

मार्चअखेर दिल्लीहून पत्र आलं. मेच्या पहिल्या पंधरवड्यात तीन शेजारी देशांचे सात पाहुणे नागपूरला येणार असून, कक्षाने त्यांच्यासमोर किमान एक युनिट वीज सीमेपलीकडे पाठवून दाखवावी. अन्यथा कक्ष 'योग्य त्या सीमेवर' हलवण्यात येईल, असा त्याचा मजकूर होता.

संचालक गणपतराव ढोमणे यांनी पत्र दोनदा वाचलं आणि पाणी मागवलं. "सीमेवर काम कसं करणार?" ते म्हणाले. "तिथे तर सगळे उलटसुलट विचारत राहतील की काम काय करता!"

केशवराव घाबरले ते वेगळ्याच कारणाने. आपली बदली झाली तर आईला कुठे नेणार? परक्या गावात, परक्या भाषेत, कोणत्या गॅलरीतून ती कोणाला हाक मारणार? आणि इथे ठेवली तर रात्रंदिवस तिच्याजवळ कोण? त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. आयुष्यात त्यांना मागायचं असं फारसं काही उरलं नव्हतं. आईजवळ राहता यावं, एवढं एकच होतं.

माणूस अडला की नियम वाचतो. केशवरावांनी मार्गदर्शक तत्त्वं काढली. 'सीमा म्हणजे अशी रेषा, जिच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र व्यवस्थापन असते व दोन्ही बाजूंची एकमेकांविषयी लेखी तक्रार प्रलंबित असते.' त्यात देश हा शब्द कुठेच नव्हता. सुयोग आणि नवजीवन यांची व्यवस्थापनं स्वतंत्र होती. भिंतीवरून झुकलेल्या बदामाच्या झाडाची पानं कोणी झाडायची, याबद्दल दोघांच्या मिळून एकोणतीस लेखी तक्रारी महापालिकेत पडून होत्या. शिवाय नवजीवनच्या गच्चीवर सौर पॅनेल होती आणि सुयोगच्या गच्चीवर नुसत्या टाक्या. देशादेशांत जे जे लागतं ते सगळं घराशेजारी हजर होतं.

कंपाउंडची भिंत हीच सीमा धरावी, हा प्रस्ताव वाचून गणपतरावांनी केशवरावांच्या पाठीवर थाप मारली. नऊ वर्षांत त्यांनी कोणाच्या पाठीवर थाप मारल्याची ही पहिलीच नोंद होती.

आता करार हवा. कक्षाकडे कराराचा नमुना नव्हता, कारण तो वापरायची वेळ कधी आली नव्हती. केशवराव रात्री घरी विचार करत बसले. दोन पक्ष, एकाकडून दुसऱ्याकडे काही पाठवायचं, देण्याघेण्याची कलमं, साक्षीदार, दोन्हीकडच्या सह्या. असा कागद त्यांनी पूर्वी पाहिलेला होता. त्यांनी कपाट उघडलं आणि आपल्या तिसऱ्या लग्नाची यादी काढली. वधूच्या जागी वीज घातली, सोन्याच्या जागी मीटर घातला, बाकी मजकुराला फारसा हात लावावा लागला नाही.

रविवारी सकाळी सुयोगच्या पार्किंगमध्ये बैठक बसली. सुयोगचे अध्यक्ष रुपराव, नवजीवनचे अध्यक्ष बळीराम, दोन्हीकडची दहाबारा माणसं आणि मधे नवजीवनकडून आलेलं तर्री-पोह्यांचं पातेलं. केशवरावांनी कागदाच्या माथ्यावर कुंकवाची बोटं लावली (नमुन्यात तशी होती) आणि वाचायला सुरुवात केली.

"कलम एक. वीज पाठवणाऱ्या पक्षाने आपली वीज विनातक्रार, वेळेवर, पलीकडे सुपूर्द करावी. कलम दोन. पाठवणाऱ्या पक्षाने घेणाऱ्या पक्षाचं दाराशी येऊन स्वागत करावं. कलम तीन. नाश्ता पाठवणाऱ्याकडे. कलम चार. विजेत काही कमीजास्त आढळल्यास घेणाऱ्या पक्षाने सांभाळून घ्यावं, अशी पाठवणाऱ्याने हात जोडून विनंती करावी."

पोहे खाता खाता बळीरामजी थांबले.

"एक मिनिट गा साहेब. म्हणजे आमी मुलीकडचे झालो?"

केशवरावांनी कागद पाहिला. कागद तसंच म्हणत होता.

"वीज आमची, पॅनेल आमचे, पोहे आमचे, आन् हातही आमीच जोडाचे? काहून?"

"रिवाज आहे, बळीरामजी," रुपराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले. अर्ध्या तासापूर्वी 'आम्ही काय भिकारी आहोत काय दुसऱ्याची वीज घ्यायला' असं म्हणत ते बैठकीला यायलाच तयार नव्हते. "देणाऱ्यानं जरा झुकूनच राहावं लागते. मी काय म्हणतो, पोह्यात शेंगदाणे कमी आहेत, पण ठीक आहे, आम्ही सांभाळून घेऊ."

वीज विकणारा श्रीमंत आणि घेणारा गरजू, असं जगभरच्या बाजारात मानतात. हे त्या बाजारांचं अज्ञान आहे. देणारा तो खालचा आणि घेणारा तो वरचा, हे आपल्याकडे लहान मुलालाही कळतं, आणि ते कळायला त्याने एक लग्न पाहिलेलं पुरतं. नवजीवनने त्याच दिवशी ठराव केला की आमच्याकडे जादा वीज नाही, उलट आम्हालाच कमी पडते, सबब आम्ही घेणारा पक्ष आहोत. ते सिद्ध करण्यासाठी भर दुपारी जिन्यातले दिवे लागले, लिफ्ट रिकामी वरखाली फिरू लागली आणि टाकी भरून वाहिली तरी मोटर चालू राहिली. सुयोगवाले गप्प बसणार होते थोडेच! त्यांनी दुपारी बारा वाजता गच्चीवर चार हॅलोजन लावले. दोन्ही इमारतींचा दिवसाचा वीजवापर दोन आठवड्यांत बासष्ट टक्क्यांनी वाढला. कक्षाने पाक्षिक अहवालात तो 'ऊर्जेविषयी लोकांमध्ये निर्माण झालेली अभूतपूर्व आस्था' या शीर्षकाखाली दाखवला.

एका संध्याकाळी केशवराव गॅलरीत डोकं धरून बसले होते. समोर भीमाबाई तुळशीला पाणी घालत होत्या.

"काय झालं गा केशव? तोंड काहून उतरलं?"

केशवरावांनी सगळं सांगितलं. भीमाबाई हसून हसून खाली बसल्या.

"आमच्यात बापा याद्याबिद्या नाही करत. बुद्धाले वंदन करतो, हार घालतो आन् जेवाले बसतो. लग्न लागते बराबर. तू इजेचं बी तसंच लाव न."

"मावशी, तसं नियमात बसत नाही."

"मंग नियमाले सांग थोडा सरकून बस म्हणा."

केशवरावांना हसू आलं, पण झोप काही आली नाही. पहाटे त्यांना उपाय सुचला. दोन्ही घरं मुलीकडची आणि दोन्ही घरं मुलाकडची असा एकच प्रकार आपल्या समाजात आहे, तो म्हणजे साटंलोटं. यांची मुलगी त्यांच्याकडे, त्यांची यांच्याकडे. सकाळी एक युनिट नवजीवनकडून सुयोगला जाईल, संध्याकाळी सातनंतर एक युनिट सुयोगकडून नवजीवनला येईल. दोघंही देतील, दोघंही घेतील, कोणीच कोणापुढे झुकणार नाही. एकूण व्यवहार शून्य होईल (जी कक्षाची परंपराच होती), कागदावर मात्र दोन युनिट दिसतील. दोन्ही सोसायट्यांनी टाळ्या वाजवून मंजुरी दिली. गणपतरावांनी त्याला 'द्विदिश प्रतिष्ठा-समतोल प्रतिमान' असं नाव ठेवलं आणि त्यावर एक परिपत्रक काढलं.

मग चौदा फुटांची वाहिनी टाकायचं काम सुरू झालं. त्यासाठी सतरा ना-हरकत दाखले लागले. बदामाच्या झाडासाठी उद्यान विभागाचा लागला, भिंतीखालून गेलेल्या पाइपसाठी पाणीवाल्यांचा लागला, भिंतीवरून गेलेल्या तारेसाठी केबलवाल्याचा लागला, खांब नऊ फूट उंच म्हणून विमानतळाकडचा लागला, आणि भिंत १९९४ सालची असल्याने ती पुरातन वास्तू नाही, असाही एक लागला. सतरावा दाखला कक्षाचा स्वतःचाच होता. तो सर्वांत उशिरा मिळाला. काम तेवीस दिवस चाललं. या तेवीस दिवसांत दुपारची लाइन एकोणीस वेळा गेली, आणि एकोणीस वेळा वरच्या गडगडीवरून पिन पलीकडे गेली. खाली खड्डा खणणारे मजूर मान वर करून बघत आणि पुन्हा खणायला लागत.

मेच्या नऊ तारखेला पाहुणे आले. भिंतीलगत मांडव होता, संत्रा बर्फी होती, चार भाड्याचे कूलर होते, आणि सुयोगच्या बाजूला एका खांबावर झेंडूची माळ घातलेला नऊ वॅटचा बल्ब होता. गणपतरावांनी पन्नास मिनिटं भाषण केलं. अकरा चाळीसला त्यांनी प्रमुख पाहुण्यांना बटण दाबायची विनंती केली, आणि नेमकी त्याच क्षणी नवजीवनकडची लाइन गेली.

गच्चीवरची सौर पॅनेल भर उन्हात चकाकत होती. पण वीजपुरवठ्याच्या जाळ्यातली वीज गेली की पॅनेलनीही आपण होऊन बंद पडायचं असतं, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवाला धोका होतो. नियम अगदी योग्य आहे आणि पॅनेलनी तो पाळला. प्रमुख पाहुण्यांनी बटण दाबलं. बल्ब तसाच राहिला. त्यांनी पुन्हा दाबलं.

दीक्षा त्या दिवशी मुद्दाम सुटी घेऊन आली होती. ती पुढे आली. "सर, सुयोगमधे लाइट आहे. दिशा उलटी करा. इकडून तिकडे पाठवा, पाच मिनिटांत होते."

"उलटी दिशा सातनंतर," गणपतराव कपाळ पुसत म्हणाले. "सकाळी उलटी केली तर शुद्धिपत्रक काढावं लागेल."

म्हणून सगळे वाट बघत उभे राहिले. केशवरावांच्या डोळ्यांपुढे कुठल्यातरी सीमेवरचं रिकामं क्वार्टर आणि त्यात खाटेवर बसलेली आई दिसू लागली.

तेवढ्यात वरून यमुताईंचा आवाज आला. खाली देशोदेशीचे पाहुणे बसले आहेत, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

"भीमाबाई, लाइन गेली काय वं तुमची? उन्हात काहून बसून राहिल्या? घ्या, ओढा!"

गडगडी करकरली. मांडवातल्या सगळ्यांच्या डोक्यावरून वायरची पिन डुलत डुलत नवजीवनकडे गेली. भीमाबाईंनी ती लावली आणि त्यांच्या गॅलरीतला कूलर घरघरू लागला. वाळ्याचा ओला वास खालपर्यंत आला.

डोंगराळ देशातून आलेल्या एक पाहुण्या बाई उठून भिंतीपाशी गेल्या आणि वर बघत उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, हे काय आहे? दीक्षाने सांगितलं. किती वर्षं? अकरा. करार? नाही. मतभेद झाले तर?

"दोन वर्षांपूर्वी आठ दिवस भांडण होतं दोघींचं," दीक्षा म्हणाली. "तेव्हाही लाइन गेली की दोरी ओढायच्या. फक्त बोलत नव्हत्या."

सातही पाहुणे बल्ब सोडून वायरखाली जमले. फोटो काढले. मग भीमाबाईंच्या घरी पन्हं प्यायला गेले आणि तासभर बसले. जाताना त्यांनी अभिप्रायवहीत दीड पान लिहिलं. आपापल्या देशांत परत जाऊन हेच करायचा विचार आहे, असं त्यात होतं. दीक्षाने वायरला चिमटा-मीटर लावून हिशेब करून दिला. पाहुणे होते तोवर आणि नंतर लाइन येईपर्यंत, बरोबर एक युनिट आणि वर थोडं, सीमेपलीकडे गेलं होतं.

कक्ष वाचला. त्याला नागपुरातच पाच वर्षांची मुदतवाढ आणि सहा नवी पदं मिळाली. केशवराव बर्फीचा डबा घेऊन घरी आले, आईच्या पाया पडले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. यमुताईंना काही कळेना. त्यांनी बर्फीचा तुकडा मोडून अर्धा पिशवीत घातला आणि दोरी ओढली.

चौथ्या दिवशी दिल्लीहून विचारणा आली. सदर युनिट कोणत्या वाहिनीतून गेलं? वाहिनी अधिकृत असल्यास परवाना क्रमांक कळवावा. नसल्यास युनिट गेलंच नाही असं धरण्यात येईल.

प्रश्न चोख होता. गणपतरावांनी त्यावर तितकाच चोख तोडगा काढला. ही वायर 'प्रायोगिक वाहिनी क्रमांक एक' असल्याचं मागील तारखेने घोषित करायचं, कक्षाच्या ताब्यात घ्यायची आणि काचेच्या पेटीत ठेवायची. शिवाय गॅलरी ते गॅलरी वीज नेण्याआणण्याचे नियम करायचे, म्हणजे पुढे कोणी बोट दाखवायला नको. नियमांचा मसुदा केशवरावांनीच लिहायचा होता. परवान्यावाचून कोणतीही वायर गॅलरीतून गॅलरीत जाणार नाही. परवाना फक्त नोंदणीकृत संस्थेला मिळेल. दोन म्हाताऱ्या ही नोंदणीकृत संस्था नव्हती.

वायर काढायला केशवराव स्वतःच गेले. दुसऱ्या कोणाचा हात तिला लागू नये असं त्यांना वाटलं. त्यांना शरम वाटत होती आणि ती लपवता येत नव्हती. पलीकडून भीमाबाईंनी गाठ सोडून दिली.

"तुही नोकरी राह्यली न इथंच?" त्यांनी विचारलं.

"हो मावशी."

"मंग झालं. यमुताईपाशी राहाले भेटलं तुले. ने वायर."

केशवरावांनी त्या रात्री आयुष्यातलं पहिलं धाडस केलं. मसुद्यात त्यांनी गुपचूप बारावं कलम घातलं: 'या नियमांवर मराठी लिहिता-वाचता येणाऱ्या कोणाही एका नागरिकाने तीस दिवसांत हरकत घेतल्यास सुनावणी होईल आणि सुनावणी संपेपर्यंत पूर्वीची व्यवस्था जशीच्या तशी परत सुरू राहील.' कक्षातली सुनावणी कधी संपत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं! म्हणजे एक हरकत, एका ओळीची, पोस्टकार्डावरची का होईना, आली की काचेची पेटी उघडायची आणि वायर दोरीवर चढवायची. गणपतरावांनी मसुदा न वाचता सही केली.

स्वतः केशवरावांना हरकत घेता येत नव्हती, ते कर्मचारी होते. दीक्षाची हरकत पहिल्याच दिवशी आली आणि 'हितसंबंधी पक्ष' म्हणून परत गेली. यमुताई आणि भीमाबाई यांच्याही त्याच कारणाने परत गेल्या. बळीरामजी म्हणाले, लिहितो न, रविवारी लिहितो. रुपराव म्हणाले, अपुन काहून बोलावं, कोणीतरी लिहीलच. बाकीच्यांना मसुद्यात काही चुकीचं दिसलं नाही. नियम असलेले बरेच असतात.

केशवराव रोज टपाल स्वतः फोडायचे. पंधराव्या दिवशी एक पाकीट आलं, ते खालच्या दातांच्या दवाखान्याचं, चुकून वर आलेलं होतं. दुपारी दोन वाजता लाइन जायची, तेव्हा यमुताई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन गॅलरीत बसत, आणि समोर भीमाबाई हातपंखा घेऊन बसत. भीमाबाईंच्या घरी त्या वेळी लाइन असायची. पण समोरची बसली आहे म्हणून त्या आपलाही कूलर लावत नसत.

तिसाव्या दिवशी संध्याकाळी साडेपाच वाजता केशवरावांनी आवकवही बंद केली. नियम अंतिम झाले.

कक्षाने त्याच आठवड्यात लोकसहभागाचा अहवाल काढला. मराठी लिहिता-वाचता येणारे नागरिक कित्येक कोटी, आलेल्या ग्राह्य हरकती शून्य, सबब संमती शंभर टक्के. या शंभर टक्क्यांत तुमचीही संमती धरलेली आहे. हरकती मागवणारी सूचना वर्तमानपत्रात रीतसर छापून आली होती, सातव्या पानावर, साड्यांच्या सेलच्या जाहिरातीखाली. ते पान उलटलं तेव्हा तुम्ही चहा पीत होता. आणि ही हकीकत वाचताना तुम्हाला एकदोन ठिकाणी हसू आलं असेल, तर ते 'अनुकूल अभिप्राय' या रकान्यात नोंदवून घेण्यात येत आहे. त्यासाठी वेगळं पत्र पाठवायची गरज नाही.